रकान्यातली ‘१’

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी खेड्यातल्या एखाद्या पूर्वज बाईचा माग काढायला बसलं, की वाट १८५० सालापाशी अडते. जनगणना तिथे १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. पण १८४० पर्यंत नाव लिहिलं जायचं ते फक्त कुटुंबप्रमुखाचं, म्हणजे बहुधा पुरुषाचं. घरातली बाकीची माणसं नुसते आकडे. वीस ते तीस वयाच्या स्त्रियांच्या रकान्यात ‘१’, बस्स. ती बायको, बहीण की कामाला ठेवलेली मुलगी, ते पानावरून कळायला मार्ग नाही.

१८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं, कुटुंबप्रमुखाशी नातं मात्र १८८० मध्ये. गुलामांच्या वाट्याला तेवढंही नव्हतं. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या यादीत नाव मालकाचं. त्याखाली वय, लिंग, वर्ण. त्यांच्या वंशजांना आजीपणजीचं नाव जनगणनेत पहिल्यांदा सापडतं ते बहुतेक वेळा १८७० मध्ये. ही सगळ्यात क्रूर कोरी जागा आहे.

त्यात १८९० च्या जनगणनेची बहुतेक पानं गेली. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये आग लागली आणि उरलेली भिजकी, करपलेली पानं पुढे सरकारनंच नष्ट केली. १८८१ मध्ये जन्मून १८९९ मध्ये लग्न झालेली मुलगी त्यामुळे माहेरच्या घरात एकाही जनगणनेत दिसत नाही. जन्मनोंदणीही कामी येत नाही. मॅसॅच्युसेट्सनं ती १८४१ मध्ये सुरू केली, पण अनेक राज्यांत ती नीट बसायला विसावं शतक उजाडलं.

मग जमिनीचे दस्त, मृत्युपत्रं आणि चर्चची दप्तरं चाळायची. पण माझ्या मते खरा खजिना यादवी युद्धातल्या विधवांच्या पेन्शनच्या फायलींत आहे. १८६२ च्या कायद्यानं उत्तरेकडच्या सैन्यातल्या साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर मिळू लागले. त्यासाठी लग्न आणि मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत. दाखला नसला की शेजारी शपथेवर सांगत, सुईण सांगे. कुणी घरच्या बायबलमधलं जन्मतारखा लिहिलेलं पान फाडून अर्जाला जोडे. जनगणनेत रकान्यातली ‘१’ असलेली बाई इथे बोलते: लग्न कुठे झालं, कुणी लावलं, कोणतं मूल कधी गेलं. आणि लिहिता येत नसेल तर खाली शाईची फुली, तिच्याभोवती कारकुनाच्या अक्षरात तिचं पूर्ण नाव.