व्हार्मिंट रायफल, गोळीचं वजन आणि 1955 चा घोळ

व्हार्मिंट म्हणजे शेतात उपद्रव करणारे छोटे प्राणी. त्यांच्यासाठीच्या रायफलची काडतुसं घरी भरणारी मंडळी आजही तासन्तास भांडतात, 55 ची गोळी बरी की 75 ची, आणि तिच्यामागे पावडर कुठली. यातले निम्मे वाद खणत गेलं की 1955 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका निर्णयापाशी येऊन थांबतात. त्याच्या आधीचं थोडक्यात सांगतो.

हे आकडे ग्रेनचे. आपल्याकडे इंग्रजांनी तोळा 180 ग्रेनचा ठरवला होता, म्हणजे मासा झाला 15 ग्रेनचा. प्रेअरी डॉग नावाच्या त्या बिळात राहणाऱ्या किलोभराच्या प्राण्यावर जी 45 ची गोळी चालायची ती बरोबर 3 मासे, सोनाराच्या काट्यावर तोलावी इतकी. ग्रेन म्हणजे पावडरचा दाणा नव्हे, वजन आहे, पण नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो.

काळ्या दारूचा जमाना सोडून देऊ. 1915 मध्ये .250 चं (हा नळीच्या भोकाचा साधारण इंचातला आकडा) एक काडतूस बाजारात आलं, डिझायनरला 100 ग्रेनची गोळी हवी होती, पण कंपनीला जाहिरातीत सेकंदाला 3000 फूट हा आकडा पाहिजे होता, म्हणून गोळी 87 वर आणली. म्हणजे वजन शिकाऱ्याने नाही, जाहिरातवाल्याने ठरवलं! पुढे त्याच काडतुसाचं तोंड आवळून हौशी लोकांनी .22-250 केलं, ते कारखान्यातून यायला 1965 उजाडलं. मधे 1930 ला हॉर्नेट नावाचं काडतूस आलं, 1935 ला स्विफ्ट. स्विफ्टमध्ये 48 ग्रेनची गोळी 4110 फुटांनी जायची. नळी जाळतं म्हणून ते बदनाम झालं, पण माझं मत विचाराल तर भर उन्हात एकामागून एक पन्नास बार काढायचे आणि दोष काडतुसाला द्यायचा हे काही खरं नाही.

आता पावडर. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा सरकारकडे पावडरचे ढीग पडून होते. कॅन्ससच्या एका गृहस्थाने आयुर्विम्यावर कर्ज काढून 4895 नावाची लष्करी पावडर टनांनी उचलली आणि चहा विकावा तशी स्वस्तात हौशी लोकांना विकायला लागला. मग 20 मिलिमीटरच्या तोफेची 4831 आली, ही फार सावकाश जळणारी, मोठ्या केसमध्ये (केस म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं) जड गोळीमागे मस्त बसणारी. हँडलोडिंग घराघरात गेलं ते या स्वस्ताईमुळे. पण त्यातून एक डोकेदुखीही आली: साठा संपल्यावर त्याच नंबरची पावडर नव्याने बनायला लागली, आणि दुसऱ्या कंपनीच्या डब्यावरही तोच नंबर. 4895 लिहिलेले दोन डबे शेजारी ठेवले तर नंबर एक, पण पावडर एक नाही, एकाचा डेटा दुसऱ्याला लावायचा नाही. नुसतं 'अट्ठेचाळीस पंच्याण्णव' म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कुणाची?

आता 1955. त्या वर्षी दोन बड्या कंपन्यांनी एकाच जाडीच्या, 6 मिलिमीटरच्या गोळीची, दोन काडतुसं आणली: .243 विंचेस्टर आणि .244 रेमिंग्टन. .244 ची केस किंचित मोठी, सावकाश पावडरला जागा जास्त. कागदावर तेच सरस. पण ते काढणाऱ्यांनी गृहीत धरलं की ही व्हार्मिंटची रायफल, माणूस हलक्या गोळ्याच मारणार, म्हणून नळीला पीळ (आतल्या, गोळी फिरवणाऱ्या खाचांचा) दिला 12 इंचांत एक फेरा, म्हणजे 1:12, आणि गोळ्या दिल्या 75 आणि 90 च्या. .243 वाल्यांनी पीळ ठेवला 10 इंचांत एक, आणि 80 सोबत हरणासाठी 100 ची गोळी दिली. झालं. अमेरिकन शेतकरी एकच रायफल घेणार, उन्हाळ्यात ग्राउंडहॉग (हाही व्हार्मिंटच) आणि थंडीत हरीण, त्याला 100 पाहिजे. 90 ने हरीण पडत नाही असं थोडंच आहे, पण 100 हा गोल आकडा डोक्यात बसला तो बसला.

खरी गोम अशी की पिळाला वजनाशी देणंघेणंच नाही, त्याला लांबी कळते. जाडी तीच ठेवून वजन वाढवलं की गोळी लांब होते, आणि लांब गोळीला जोरात फिरवावं लागतं, नाहीतर मंद भोवऱ्यासारखी ती डुलते. हा हिशेब एका इंग्रज गणितज्ञाने 1879 मध्येच मांडला होता. टोकदार 100 ची गोळी 1:12 मधून सुटली की पुष्कळदा नीट जायचीच नाही, बोथट तोंडाची 100 ची मात्र लांबीला कमी म्हणून काही नळ्यांत चालून जायची. गोळी डुलली की कागदावर गोल भोक पडत नाही, आडव्या गोळीची आकृती उमटते, कुलपाच्या भोकासारखी. एकदा बघितलं की माणूस विसरत नाही.

.244 पडलं. कंपनीने 1963 मध्ये तेच काडतूस 6 एमएम रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणलं, पीळ 1:9, सोबत 100 ची गोळी. उशीर झाला होता, .243 तोवर घरोघरी पोचलं होतं. लोक याला घोडचूक म्हणतात. मला तसं वाटत नाही, हलक्या व्हार्मिंट गोळीसाठी 1:12 चुकीचा नव्हताच, चुकलं ते गिऱ्हाईक ओळखण्यात.

आणि तोच प्रश्न आता पुन्हा दारात आलाय. .22-250 च्या नळ्या वर्षानुवर्षं 1:14 च्या आल्या, 55 पर्यंत झकास, 75 ला नाही. त्यात कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी बंद. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि जुन्या पिळाला 55 सुद्धा जड जाऊ शकते. मग लोक 40 आणि 36 वर उतरतात, गोळी हलकी झाली की पावडरही भरभर जळणारी लागते, सगळं गणित नव्याने.

जुनी .244 विकत घेणाऱ्याने नुसत्या नावावर जाऊ नये, कारण नाव बदलायच्या आधीच काही नळ्या 1:9 च्या निघायला लागल्या होत्या. रायफल रिकामी आहे ना ते बघा, साफ करायच्या, बेअरिंगवर फिरणाऱ्या गजाला घट्ट चिंधी लावून आत सरकवा, गजावर खूण करा, एक पूर्ण फेरा होईपर्यंत किती इंच सरकला ते टेपने मोजा. 12 आलं तर 75 ची डबी घ्या, 9 आलं तर 100 चीही घ्या.