हवाईमधील समलिंगी विवाह : कायदेशीर स्थिती

पॅसिफिक महासागरातील हवाई या अमेरिकी राज्यात समलिंगी जोडप्यांना २ डिसेंबर २०१३ पासून कायदेशीर विवाह करता येतो. तोवर चौदा राज्यांत अशी लग्ने लागू लागली होती, त्यामुळे क्रमवारीत हवाई काही पुढे नाही. पण हा प्रश्न अमेरिकेच्या राष्ट्रीय राजकारणात आला तो हवाईतूनच, आणि तोही त्याआधी वीस वर्षे.

डिसेंबर १९९० मध्ये तीन समलिंगी जोडप्यांनी होनोलुलूत आरोग्य खात्याकडे विवाह परवान्यासाठी अर्ज केले. हवाईत हा परवाना आरोग्य खातेच देते. अर्ज नाकारले गेले तेव्हा जोडप्यांनी वकील डॅन फोली यांच्यामार्फत राज्य न्यायालयात दावा लावला. हरण्याच्या धास्तीने मोठ्या राष्ट्रीय संघटना सुरुवातीला यापासून लांबच राहिल्या. सर्किट न्यायालयाने दावा फेटाळला, पण ५ मे १९९३ रोजी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बेअर विरुद्ध लेविन’ प्रकरणात तो पुन्हा जिवंत केला.

न्या. स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी लिहिलेल्या या निकालाची मांडणी मुळातून पाहण्यासारखी आहे. समलिंगी विवाह हा मूलभूत हक्क असल्याचे म्हणणे त्यांनी मान्य केले नाही, कारण तो तिथल्या लोकांच्या परंपरेत तेवढा रुजलेला नाही. (कॅप्टन कुकच्या १७७९ मधील सफरीच्या रोजनिशांत हवाईच्या सरदारांच्या ‘आइकाने’ म्हणवणाऱ्या पुरुष साथीदारांचे उल्लेख आहेत. ते विवाह नव्हते हे खरे, तरी परंपरेचे कारण इथे जरा लंगडेच वाटते.) त्यांनी बोट ठेवले ते दुसऱ्याच ठिकाणी. हवाईच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाचे पाचवे कलम वंश, धर्म, लिंग किंवा कुळ यांवरून भेदभाव करू देत नाही. संघराज्याच्या घटनेतील समान संरक्षणाच्या तरतुदीत लिंगाचा असा स्पष्ट उल्लेख नाही. एखाद्या स्त्रीशी लग्न करण्याचा परवाना अर्जदार पुरुष असता तर मिळाला असता, आणि अर्जदार स्त्री आहे एवढ्यावरून तो नाकारला जातो. म्हणजे हा लिंगावरून केलेला भेदभावच झाला. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भिन्नवंशीय विवाहांवरील बंदी मोडीत काढली होती, त्याचा दाखला निकालात आहे. भेदभाव ठेवायचा तर अत्यंत सबळ कारण सिद्ध करा, असे सरकारला बजावून प्रकरण खाली परत पाठवण्यात आले.

सरकारला ते जमले नाही. १९९६ च्या सुनावणीत मुलांचे हित हा सरकारचा हुकमी मुद्दा होता. पण समलिंगी जोडपी मुले उत्तम वाढवू शकतात, हे सरकारच्याच तज्ज्ञ साक्षीदारांनी कबूल केले. ३ डिसेंबर १९९६ रोजी न्या. केव्हिन चँग यांनी जोडप्यांच्या बाजूने निकाल दिला आणि दुसऱ्याच दिवशी, अपिलापर्यंत, त्याला स्थगिती दिली.

एवढ्यात उर्वरित अमेरिकेने हवाईचा धसका घेतला होता. हवाईत लग्न करून आलेले जोडपे आपल्या राज्यात मान्यता मागेल, ही ती भीती. सप्टेंबर १९९६ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ‘डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट’वर (समलिंगी विवाहांना केंद्र सरकारची मान्यता नाकारणाऱ्या कायद्यावर) सही केली, आणि पुढच्या काही वर्षांत तीसहून अधिक राज्यांनी बंदीचे कायदे केले. एकही लग्न लागलेले नसताना एवढे सगळे घडले.

खुद्द हवाईत विधिमंडळाने १९९७ मध्ये मधला मार्ग म्हणून विवाहातले काही हक्क देणारी ‘परस्पर लाभार्थी’ नोंदणी आणली. कायद्याने ज्यांचा विवाह होऊ शकत नाही अशा कोणाही दोघांसाठी ती होती; विधवा आई आणि तिचा अविवाहित मुलगा हे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे. ३ नोव्हेंबर १९९८ रोजी सुमारे ६९ टक्के मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली. त्याच दिवशी अलास्काच्या मतदारांनी विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री अशी व्याख्याच घटनेत घातली. हवाईच्या दुरुस्तीने मात्र विवाह भिन्नलिंगी जोडप्यांपुरता राखण्याचा अधिकार विधिमंडळाला दिला, बंदी घातली नाही. या दुरुस्तीमुळे डिसेंबर १९९९ मध्ये मूळ दावा निकालात निघाला.

पुढची दहा-बारा वर्षे संथ गेली. सिव्हिल युनियनचे (विवाह न म्हणता विवाहासारखे हक्क देणाऱ्या नात्याचे) विधेयक २०१० मध्ये गव्हर्नर लिंडा लिंगल यांनी नकाराधिकार वापरून अडवले. २०११ मध्ये नील ॲबरक्रॉम्बी यांनी तसेच दुसरे विधेयक मंजूर केले. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लिंटनकालीन कायद्याचा गाभा रद्द केल्यावर ॲबरक्रॉम्बी यांनी विशेष अधिवेशन बोलावले. प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे बोलायला पाच हजारांहून अधिक लोकांनी नावे दिली. प्रत्येकाला दोन मिनिटे, आणि सुनावणी पाच दिवस चालली. गृहाने ३० विरुद्ध १९, तर सिनेटने १९ विरुद्ध ४ मतांनी विधेयक संमत केले आणि १३ नोव्हेंबरला त्यावर सही झाली. विरोधकांनी १९९८ ची दुरुस्ती पुढे करून न्यायालय गाठले, पण दिलेला अधिकार न वापरण्याची मोकळीकही विधिमंडळाला होतीच.

या कायद्यानुसार कोणत्याही धर्मगुरूवर असे लग्न लावण्याची सक्ती नाही. धार्मिक संस्थांना जागा नाकारता येते, मात्र ती जागा लोकांना नफ्यासाठी भाड्याने दिली जात नसेल तरच. परवान्यासाठी हवाईचे रहिवासी असावे लागत नाही, प्रतीक्षाकाळही नाही. परवाना तीस दिवस चालतो. म्हणूनच पर्यटकांची लग्ने इथे मोठ्या संख्येने लागतात. अमेरिकेत स्थायिक मराठी मंडळींनी एवढे लक्षात ठेवावे, की असा विवाह भारतात धरला जात नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या ओबरगेफेल निकालाने हा हक्क अमेरिकाभर लागू झाला, तरी १९९८ चे वाक्य हवाईच्या घटनेत तसेच होते. ते काढण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांपुढे आला. हवाईत अशा प्रश्नावर कोरे सोडलेले मत नकारात धरले जाते. तरीही प्रस्ताव मंजूर झाला. आता ओबरगेफेल निकाल कधी फिरवला गेला तरी हवाईतील विवाह २०१३ च्या राज्य कायद्यावर उभे राहतील. तो कायदा विधिमंडळाने बदलायचा म्हटला, तर दुरुस्तीची ढाल उरलेली नाही, आणि लेव्हिन्सन यांच्या निकालातला लिंगभेदाचा मुद्दा पुन्हा उभा राहू शकतो.