सुवर्ण कलिल
सोन्याचे काही नॅनोमीटर ते सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचे कण द्रवात, बहुधा पाण्यात, विखुरलेले राहिले की सुवर्ण कलिल बनते. सोन्याचे असूनही ते सोनेरी दिसत नाही. कण १५–२० नॅनोमीटरचे असतील तर ते लालबुंद दिसते, कारण कणांतील मुक्त इलेक्ट्रॉन ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये असे द्रव बनवून तांबड्या रंगाचे मूळ सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांत असल्याचे सांगितले. त्यामागचे गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाफ मी (Mie) यांनी १९०८ मध्ये मांडले.

आजही रूढ असलेली कृती जॉन टर्केविच आणि सहकाऱ्यांची (१९५१). क्लोरोऑरिक आम्ल या सोन्याच्या संयुगाचे फिकट पिवळे, अगदी विरल द्रावण उकळत ठेवून ढवळत असताना त्यात सोडियम सायट्रेट घालतात. पिवळेपणा जातो, द्रव क्षणभर निर्मळ दिसतो, मग काळपट-निळसर, जांभळा आणि काही मिनिटांत लाल होतो. सायट्रेट दोन कामे करते: सोन्याच्या आयनांचे क्षपण (त्यांना इलेक्ट्रॉन देऊन धातूरूप करणे), आणि कणांवर ऋण प्रभाराचे आवरण, ज्यामुळे कण एकमेकांना दूर लोटतात. सायट्रेट कमी घातले तर कण मोठे होतात. फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये याच युक्तीने आकार ठरवून दाखवला. भांडी मात्र आधी अम्लराजाने (सोने विरघळवणाऱ्या नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुवावी लागतात. काचेला चिकटलेला जुना कणही नको तिथे वाढीचे बीज ठरतो.

परीक्षणाची सुरुवात डोळ्यांनीच होते. चिमूटभर मीठ टाकताच लाल द्रव निळा पडतो: प्रभाराचा आडोसा गेला, कण गोळा झाले. वर्णपटमापीवर, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो हे मोजणाऱ्या उपकरणावर, ५२० नॅनोमीटरजवळचे शोषणाचे शिखर लांब तरंगलांबीकडे सरकून रुंद झालेले दिसते.

आकाराचे आकडे उपकरणागणिक बदलतात, आणि नवशिक्याची फसगत इथेच होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक केवळ धातूचा गाभा दाखवतो. शिवाय थेंब जाळीवर सुकताना कण एकत्र ओढले जातात, त्यामुळे चित्रातले पुंजके द्रवात असतीलच असे नाही. गतिक प्रकाश प्रकीर्णनात, म्हणजे द्रवात हलणाऱ्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारावरून आकार काढण्याच्या पद्धतीत, आवरणासकट व्यास मिळतो. लहान कणांचे प्रकीर्णन व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या सुमारे दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरतो, आणि थोडी धूळही सगळा निष्कर्ष बिघडवते.

घरगुती गर्भचाचणीच्या अनेक पट्ट्यांवर उमटणारी गुलाबी रेघ याच कणांची असते.