लाईटची जुनी चौकट

समजा, फोंड्याच्या एका काकींना दीड वर्षापूर्वी कॅन्सरसाठी मुंबईला नेऊन छातीवर लाईट, म्हणजे किरणोपचार (रेडिएशन), दिली होती. कातडी काळवंडली, सोलली आणि पुढे महिन्या-दोन महिन्यांत बरी झाली. आता आजार उलटला म्हणून बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), नवं औषध सुरू केलं, आणि काही दिवसांतच तीच जागा लालबुंद झाली. फक्त तेवढीच. पूर्वी किरण जिथे संपले होते, नेमकी तिथेच लाली थांबते, पट्टीने आखल्यासारखी.

डॉक्टर याला ‘रेडिएशन रिकॉल’ म्हणतात. १९५९ साली डॅन्जिओ आणि सहकाऱ्यांनी ॲक्टिनोमायसिन-डी या औषधाच्या बाबतीत हे नोंदवलं. पुढे डॉक्सोरुबिसिन, डोसेटॅक्सेल, जेमसिटाबिन अशा केमोच्या औषधांनीही असं घडलेलं दिसलं. आता निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी आणि ऑसिमर्टिनिबसारख्या गोळ्याही या यादीत आहेत. प्रकार विरळा आहे. औषधाच्या भीतीने उपचार टाळावेत असा तो मुळीच नाही.

हे का होतं, यावर एकमत नाही. एक तर्क असा की किरणांनी तिथल्या मूळ पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या कमकुवत झालेल्या असतात, वरून बरी दिसणारी जागा औषधाचा मारा सोसत नाही. दुसरा तर्क प्रतिकारशक्तीचा. इम्युनोथेरपी टी-पेशींचा, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, लगाम सैल करते, म्हणून जुन्या जखमेत दबून राहिलेला दाह पुन्हा उसळत असावा.

कातडीवरचं निदान डोळ्यांनी होतं. मला काळजी वाटते ती फुप्फुसाची, कारण जुना दाह तिथेही असाच उसळू शकतो. खोकला, दम, कधी ताप. आपल्याकडे आधी न्यूमोनिया किंवा टीबीच आठवणार, आणि तेही तपासायलाच हवं. पण सीटी स्कॅनवरची सावली फुप्फुसाच्या नैसर्गिक भागांप्रमाणे न पसरता किरणांच्या जुन्या चौकटीत बसते का, हे पाहायचं तर ती चौकट डॉक्टरांना ठाऊक हवी. लाईट मुंबईला, केमो बेळगावला, पुढचं औषध बांबोळीला, असे आपले कितीतरी रुग्ण आहेत. फाईल मात्र घरच्या कपाटात! कुठल्या भागावर, किती ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), कुठल्या तारखांना, एवढं लिहिलेलं ते एक पान नव्या डॉक्टरांपुढे ठेवाच.

उपचार बहुतेक वेळा साधा असतो: औषध थांबवणं आणि गरजेप्रमाणे स्टिरॉइड. पुष्कळांचा दाह ओसरतो. त्यानंतर काही रुग्णांना तेच औषध पुन्हा दिलं, तरी दाह परतलेला नाही.