पार्श्वभूमी : गॅस बर्नरचे प्रदूषण आणि आवाज

जालन्याच्या रोलिंग मिलमधली बिलेट (पोलादाच्या जाड कांबी) तापवायची भट्टी असो की वाळूजमधला बॉयलर, कोळसा किंवा फर्नेस ऑइल सोडून गॅसवर आला की चिमणीचा काळा धूर थांबतो, गंधकही जवळपास जातो. तिथेच प्रश्न मिटला असे धरले जाते, आणि ते मला धोक्याचे वाटते.

कारण नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, मुख्यतः हवेतूनच तयार होतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. ज्योतीचे तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की तो ऑक्सिजनशी संयोग पावू लागतो आणि तापमानाबरोबर हे प्रमाण झपाट्याने वाढते. ही साखळी सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्डोविच यांनी १९४०च्या दशकात उलगडली. पुढच्या दशकात लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा शोध घेताना रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवले, की हेच वायू इंधनाच्या वाफांसह उन्हात जमिनीलगत घातक ओझोन घडवतात. मराठवाड्यात उन्हाची काय कमी!

उपाय तेव्हापासून ज्योत थंड ठेवण्याचे : हवा किंवा गॅस टप्प्याटप्प्याने सोडणे, धुराचा काही भाग पुन्हा ज्योतीत फिरवणे, जास्त हवा आधीच मिसळून जाळणे.

खरी अडचण या शेवटच्या उपायात आहे. विरळ, म्हणजे हवा जास्त आणि गॅस कमी असलेल्या, मिश्रणाची ज्योत विझण्याच्या काठावर जळते, थरथरते आणि भट्टी घुमू लागते. नळीत जळणारी ज्योत सूर धरते, हे १८व्या शतकातच दिसले होते. त्याचे कारण ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये सांगितले : दाब वाढलेला असताना उष्णता मिळाली की कंपन जोर धरते. म्हणून नॉक्स कमी करताना आवाज वाढू शकतो, आणि दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो. हवा पुरवणाऱ्या ब्लोअरचा गोंगाट त्यामानाने सोपा. हवा ओढण्याच्या तोंडाशी सायलेन्सर बसवला की बराच उतरतो.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीची मर्यादा औद्योगिक भागात ७० डेसिबल, निवासी भागात ४५. वाळूजच्या बजाजनगरसारख्या, कारखान्यांना खेटून असलेल्या वस्तीत हा फरक रोजच्या झोपेचा आहे. २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना आणि लातूर आहेत. मात्र त्याचा भर धूलिकणांवर आहे. नॉक्सकडे लक्ष देण्याची जबाबदारी त्यामुळे इंधन बदलणाऱ्या कारखान्यावरच अधिक येते. नवा बर्नर घेताना त्याने पूर्ण भारावरचा नॉक्स आणि आवाज दोन्ही लेखी मागावेत.