इन्सायडर थ्रेट: लक्षणं आणि ती ओळखणं

इन्सायडर थ्रेट म्हणजे कुंपणानंच शेत खाणं. हॅकरला बाहेरून शिरायला खटपट करावी लागते, इथे लॉगिन, अ‍ॅक्सेस कार्ड, अ‍ॅडमिन पासवर्ड सगळं कंपनीनंच हातात दिलेलं असतं. पर्मनंट कर्मचारी, कॉन्ट्रॅक्टवरची माणसं आणि नोकरी सोडून गेलेले पण ज्यांचं लॉगिन बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही असे, सगळे यात मोडतात. निष्काळजीपणे फिशिंगला, म्हणजे पासवर्ड काढून घेणाऱ्या खोट्या मेलला, फसणारेही यात धरतात, पण खाली जी लक्षणं दिलीत ती मुद्दाम करणाऱ्यांची.

गंमत अशी की बरीचशी लक्षणं ऑफिसात गुण म्हणून खपतात. कधी सुट्टी घेत नाही, दुसऱ्याला आपल्या कामाला हात लावू देत नाही, बदली नको म्हणतो, अशा माणसाला आपण 'किती डेडिकेटेड' म्हणतो! मुंबईत फोर्टातल्या ब्रॅडी हाउसमधली पंजाब नॅशनल बँकेची शाखा आठवा. तपासयंत्रणांच्या म्हणण्यानुसार तिथला एक डेप्युटी मॅनेजर त्याच टेबलावर साधारण ७ वर्षं होता आणि ग्राहकांच्या कर्जासाठी बँकेनं द्यायच्या हमीपत्रांचे मेसेज स्विफ्टवरून (बँकांमधली मेसेज पाठवायची यंत्रणा) परदेशी शाखांना जात होते पण बँकेच्या कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या मुख्य सिस्टिममध्ये, त्यांची नोंदच नव्हती, कारण तेव्हा दोन्ही सिस्टिम एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. तो २०१७ मध्ये रिटायर झाला, जानेवारी २०१८ मध्ये नव्या अधिकाऱ्यांनी हमीपत्रं मागायला आलेल्या कंपन्यांकडे पूर्ण कॅश मार्जिन, म्हणजे हमीएवढी रक्कम आधी जमा करायला, मागितलं, तर त्या म्हणाल्या आधी कधी लागलं नाही, मग रेकॉर्ड बघितलं तर काहीच नाही. घोटाळ्याचा आकडा पुढे १३,००० कोटींच्या वर गेला. असे प्रकार उघडे पडावेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं नाजूक पदावरच्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान १० कामाचे दिवस सक्तीची आणि तीही अचानक रजा द्यायला सांगितलंय. माणूस टेबलावर नसला की झाकलेलं वर येतं, एवढं साधं लॉजिक.

दुसरं लक्षण पैशाचं. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचा ऑल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएतला माहिती विकत होता, पगार वर्षाला ७० हजार डॉलरच्या आत आणि घर घेतलं ५ लाख ४० हजारांचं, रोख, वर जग्वार गाडी! सासरकडचा पैसा म्हणून सांगायचा, लोक ऐकून घ्यायचे. पकडला गेला १९९४ मध्ये.

तिसरं नाराजी. यूबीएस पेनवेबर या अमेरिकेतल्या गुंतवणूक कंपनीमधल्या एका सिस्टिम अ‍ॅडमिनला बोनस कमी मिळाला, त्यानं नोकरी सोडली आणि मागे लॉजिक बॉम्ब (ठरलेल्या वेळी नुकसान करणारा लपवलेला प्रोग्रॅम) ठेवून गेला, तो मार्च २००२ मध्ये फुटला आणि सर्व्हरवरच्या फाइली उडाल्या. बोनसवरून कुरकुर कोण करत नाही म्हणा, पण कुरकुर, राजीनामा आणि ऑफिस सुटल्यावरचं लॉगिन एकाच माणसाचं निघालं तर बघायला हवं.

राजीनाम्याच्या आगेमागे तर जास्तच. गुगलच्या स्वयंचलित गाडीवर काम करणाऱ्या अँथनी लेवांडोव्स्कीनं डिसेंबर २०१५ मध्ये १४,००० च्या आसपास फाइली उतरवून घेतल्या आणि पुढच्या महिन्यात कंपनी सोडली. असं मोठं डाउनलोड, पर्सनल मेलवर अटॅचमेंट, कामाशी संबंध नसलेले फोल्डर उघडणं, पेन ड्राइव्ह, यावर आता सॉफ्टवेअर अलर्ट देतं.

पण अलर्ट म्हणजे पुरावा नव्हे. रात्री २ वाजता लॉगिन करणारा बहुतेक वेळा अमेरिकन क्लायंटचा कॉल घेत असतो, कर्जात बुडालेला माणूस चोर नसतो. एक खूण सोडून द्यावी, तीन-चार एकत्र आल्या तर एचआर आणि सिक्युरिटीनं मिळून गुपचूप लॉग, म्हणजे कुणी कधी काय उघडलं याच्या सिस्टिममधल्या नोंदी, तपासावेत, कँटीनमध्ये कुजबुज करून नाही.

लॉगमध्ये काहीच दिसत नाही अशाही केसेस आहेत. २००५ मध्ये पुण्यातल्या कॉल सेंटरमधल्या काही जणांनी सिटी बँकेच्या अमेरिकन ग्राहकांकडून फोनवर गोड बोलून पिन काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम पुण्यातल्या खात्यांत वळवली. ना डाउनलोड, ना पेन ड्राइव्ह, नुसतं बोलणं. ग्राहकांनी तक्रार केली तेव्हा कळलं.