अधिकारी वर्गात कधी येऊन बसला?

लष्करी विद्यापीठात तीन-चार वर्षं काढून बाहेर पडणाऱ्या कॅडेटच्या हातात दोन गोष्टी पडतात, पदवी आणि कमिशन, म्हणजे सैन्यात अधिकारी म्हणून रीतसर नेमणूक. दोन्ही जवळपास एकाच वेळी मिळतात, म्हणून त्यांची जोडी फार जुनी असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ती अगदी अलीकडची आहे. अमेरिकेतली वेस्ट पॉइंट ही लष्करी अकादमी सुरू झाली 1802 मध्ये, पण तिथल्या कॅडेटना बी.एस.ची (विज्ञानातली) पदवी देण्याचा अधिकार कायद्याने मिळाला तो 1933 मध्ये. मधली सव्वाशेहून अधिक वर्षं गणित आणि इंजिनिअरिंग घासून-पुसून शिकलेला हा तरुण अधिकारी होत होता, पदवीधर होत नव्हता.

आणि त्याही आधी अधिकाऱ्याने शाळेत जावं, हीच कल्पना लोकांना विचित्र वाटायची. अधिकारी घराण्यातून यायचा. सरदाराचा मुलगा बारा-चौदा वर्षांचा झाला की एखाद्या पलटणीत चिकटायचा आणि वडीलधाऱ्यांचं पाहून शिकायचा. घोड्यावर मांड पक्की हवी, आवाज खणखणीत हवा, गोळ्यांसमोर पाय डळमळू नयेत. एवढ्यावर पायदळ आणि घोडदळ चालवता येतं, अशी सगळ्यांची खात्री होती. ती खात्री तोफेने मोडली. तोफेला घराणं कळत नाही. नळी किती अंश वर धरायची, दारू किती भरायची, गोळा कुठे पडेल, याचं उत्तर गणितातच असतं. किल्ल्याचंही तसंच. बुरुजाचा कोन चुकला की भिंतीच्या पायथ्याशी अशी जागा तयार होते, जिथे आपला मारा पोचत नाही आणि शत्रू निवांत सुरुंग लावतो. लष्करी शिक्षणाचा उगम शोधायचा तर तोफखाना आणि इंजिनिअर या दोन शाखांपासूनच सुरुवात करावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

या कथेतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग 1600 सालचा आहे. नेदरलँड्स तेव्हा स्पेनशी झुंजत होतं. डच सेनापती मॉरिस ऑफ नासाऊ याला वेढे घालणारी, खंदक आखणारी, तटबंदी मोजणारी माणसं हवी होती. त्याने गणितज्ञ सायमन स्टेविनकडून अभ्यासक्रम बनवून घेतला आणि लायडन विद्यापीठाला जोडून इंजिनिअरांसाठी वर्ग सुरू केले. विद्यापीठाची भाषा लॅटिन होती. हे वर्ग मात्र डच भाषेत भरवायचे, असं ठरलं. जो माणूस उद्या चिखलात उभा राहून दोरी धरणार आहे, त्याला गणित त्याच्या बोलीतच कळलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. विद्यापीठ आणि लष्कर यांची पहिली ठळक गाठ पडली ती अशी, लोकभाषेतल्या गणिताच्या तासाला. पुढे 1616 मध्ये मॉरिसचा नातेवाईक जॉन सातवा याने जर्मनीतल्या झीगन इथे तरुण सरदारपुत्रांसाठी युद्धशाळाच काढली. ती थोड्याच वर्षांत बंद पडली, पण पायंडा पडला.

त्यानंतरच्या शाळा बहुतेक वेळा एखाद्या लढाईत मार खाल्ल्यावर निघालेल्या दिसतात. नोव्हेंबर 1700 मध्ये नार्व्हा इथे स्वीडनने रशियन सैन्याचा धुव्वा उडवला आणि तोफखाना हिसकावून नेला. दोनच महिन्यांत, जानेवारी 1701 मध्ये, झार पीटरने मॉस्कोत गणित आणि नौकानयनाची शाळा स्थापन करण्याचा हुकूम काढला. सुखारेव मनोऱ्यात ती भरू लागली. शिकवायला स्कॉटलंडहून हेन्री फार्करसन आला. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाच्या हातून सायलेशियासारखा संपन्न प्रांत प्रशिया या जर्मन राज्याने काढून घेतला होता. तिने 1751 मध्ये व्हिएन्नाजवळ वीनर नॉयश्टाट इथे अकादमी स्थापन केली. मला कर्तबगार अधिकारी आणि सचोटीची माणसं घडवून द्या, अशी तिची सेनापती काउंट डाऊन याला आज्ञा होती. ती अकादमी आजही त्याच जुन्या राजवाड्यात चालते. लंडनजवळची वुलिच अकादमी 1741 ची, तोफखाना आणि इंजिनिअर शाखांसाठी. फ्रान्समध्ये इंजिनिअरांसाठी मेझिएरची शाळा 1748 मध्ये निघाली.

मेझिएरपाशी थांबायलाच हवं, कारण शिक्षणाने कोणती दारं उघडली आणि कोणती बंदच ठेवली, हे तिथे स्पष्ट दिसतं. 1765 च्या सुमारास गास्पार मोंज नावाचा तरुण तिथे आला. बाप फिरता व्यापारी. कुलीन नसल्यामुळे त्याला अधिकाऱ्यांच्या वर्गात प्रवेश नव्हता. आराखडे काढण्याचं, नमुने बनवण्याचं हाताखालचं काम तेवढं मिळालं. एकदा त्याच्याकडे किल्ल्याचं एक गणित आलं. सभोवतीच्या टेकड्यांवरून शत्रूला आत पाहता किंवा मारा करता येऊ नये, यासाठी तटाची उंची कुठे किती ठेवायची? नेहमीच्या रीतीने ही आकडेमोड लांबलचक आणि कंटाळवाणी असे. मोंजने आकडे बाजूला ठेवले, भूमितीने आकृत्या काढल्या आणि उत्तर घेऊन हजर झाला. अधिकाऱ्याने ते तपासायलाच नकार दिला. एवढ्या वेळात हे होऊच शकत नाही, म्हणाला. शेवटी तपासणी झाली, उत्तर बरोबर निघालं आणि मोंजला शिकवायला नेमलं. त्याची ही रीत पुढे वर्णनात्मक भूमिती म्हणून प्रसिद्ध झाली. कितीतरी वर्षं मात्र ती लष्करी गुपित म्हणून जपली गेली. ज्याला विद्यार्थी म्हणून बाकावर बसू दिलं नव्हतं, त्याचंच गणित तिथले सरदारपुत्र शिकत होते.

त्याच फ्रान्सने 1781 मध्ये उलट पाऊल टाकलं. सैन्यात थेट अधिकारी व्हायचं तर बापाकडून चार पिढ्यांच्या कुलीनतेचा दाखला हवा, असा फतवा निघाला. आठ वर्षांत क्रांती झाली आणि तो फतवा वाहून गेला. 1794 मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढच्या वर्षी एकोल पॉलिटेक्निक असं नाव मिळालेल्या संस्थेत प्रवेश स्पर्धा परीक्षेने होता. तिच्या संस्थापकांमध्ये मोंज होता, आणि आता त्याची भूमिती उघडपणे शिकवली जात होती.

प्रशियाची गोष्ट आणखी बोलकी आहे. हॅनोव्हरजवळ एक उथळ सरोवर आहे, स्टाइनहूडर मेअर. शाउमबुर्ग-लिप्पे या चिमुकल्या राज्याच्या काउंट विल्हेल्मने त्या सरोवरात भराव घालून कृत्रिम बेट तयार केलं, त्यावर विल्हेल्मस्टाइन नावाचा किल्ला बांधला आणि किल्ल्यातच युद्धशाळा सुरू केली. चहूकडे पाणी, मध्ये मूठभर विद्यार्थी, समोर तोफा आणि नकाशे. 1773 मध्ये तिथे एका माजी कनिष्ठ लष्करी हुद्देदाराचा मुलगा दाखल झाला, गेरहार्ड शार्नहोर्स्ट. वशिल्याच्या जगात त्याच्यापाशी अभ्यासाखेरीज काही नव्हतं. 1801 मध्ये तो प्रशियाच्या सेवेत गेला, बर्लिनमध्ये तरुण अधिकाऱ्यांना शिकवू लागला. युद्धविषयक विचारवंत म्हणून पुढे गाजलेला कार्ल फॉन क्लाउझेवित्स हा त्याचाच विद्यार्थी. पण प्रशियाचा जुना राजा फ्रेडरिक द ग्रेट याच्या पुण्याईवर जगणाऱ्या सैन्याला शिकण्याची निकड वाटत नव्हती. 14 ऑक्टोबर 1806 रोजी येना आणि आउअरश्टेट इथे नेपोलियनच्या सैन्याने एकाच दिवसात ती पुण्याई संपवली.

मग शार्नहोर्स्टचं ऐकण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. 6 ऑगस्ट 1808 च्या आदेशाने ठरलं, की शांततेच्या काळात अधिकारपदावर हक्क सांगता येईल तो ज्ञान आणि शिक्षणाच्या बळावर, आणि युद्धाच्या काळात असामान्य शौर्य व परिस्थितीची समज यांच्या बळावर. कोणत्या घरात जन्मलात हा मुद्दा त्या वाक्यात नाही. अधिकारी घडवण्याच्या इतिहासात याहून मोलाचा कागद मला दिसत नाही. 1810 च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनमध्ये उच्च युद्धशाळा उघडली, त्याच महिन्यात बर्लिन विद्यापीठाचेही वर्ग सुरू झाले. नेपोलियन हरल्यावर घराणेशाही मागच्या दाराने परतली हे खरं, पण परीक्षा गेली नाही.

ब्रिटनने मात्र या बाबतीत फार उशीर केला. पायदळात आणि घोडदळात हुद्दे चक्क विकत मिळत. पायदळातल्या लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्याचा अधिकृत भाव 4,500 पौंड होता आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक मोजावे लागत. तोफखाना आणि इंजिनिअर शाखेत ही विक्री नव्हती. तिथे वुलिचमधून शिकून येणं भाग होतं. क्रिमियाच्या युद्धात, 25 ऑक्टोबर 1854 रोजी, बालाक्लाव्हाला लाइट ब्रिगेड ही ब्रिटिश घोडदळाची तुकडी तोफांच्या तोंडी गेली, तिचं नेतृत्व करणारे लॉर्ड कार्डिगन पैसे मोजून वर आलेले होते. त्या दिवशीचा घोळ एकट्या त्यांचा नव्हता, चुकीचा समजलेला हुकूम वरून आला होता. तरी त्या युद्धातल्या अनागोंदीने लोकमत ढवळून निघालं. खरेदीची पद्धत बंद झाली ती 1871 मध्ये. हाउस ऑफ लॉर्ड्सने अडवून धरल्यावर युद्धमंत्री कार्डवेल यांनी राणीच्या फर्मानाने ती संपवली.

समुद्रापलीकडे वेस्ट पॉइंटने फ्रान्सचा कित्ता गिरवला. 1817 मध्ये सिल्व्हेनस थेअर तिथे प्रमुख झाले. युरोपात राहून, पॅरिसमधलं शिक्षण पाहून आणि पेट्या भरून पुस्तकं घेऊन ते परतले होते. त्यांनी वर्गाचे लहान गट पाडले, गुणानुक्रमाने. प्रत्येक कॅडेटने प्रत्येक विषयात रोज उत्तर द्यायचं. नाव पुकारलं की फळ्याशी जायचं, खडूने आकृती काढायची, मग वळून ती सर्वांना समजावून सांगायची. रोजचे गुण रोज वहीत. आज मागे पडलात तर उद्या खालच्या गटात. हा फळाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला आणि नेपोलियनच्या तोफखान्यात लढलेला क्लॉड क्रोझे 1816 मध्ये वेस्ट पॉइंटला शिकवायला आला. त्याला मोंजची वर्णनात्मक भूमिती शिकवायची होती, पण इंग्रजीत पुस्तक नव्हतं आणि मुलांना पुरेसं फ्रेंच येत नव्हतं. त्याने फळा आणि खडू हाती घेतले. मेझिएरचं गुपित असं खडूच्या भुकटीतून अमेरिकेत पोचलं. पुढे त्या देशाचे रेल्वेमार्ग, बंदरं आणि कालवे बांधणाऱ्यांमध्ये इथून निघालेले कितीतरी जण होते.

अमेरिकेतच दुसरी वाटही फुटली. वेस्ट पॉइंटचे माजी प्रमुख आल्डन पार्ट्रिज यांना लष्करी अधिकाऱ्यांची वेगळी जात तयार होणं मंजूर नव्हतं. 1819 मध्ये त्यांनी व्हर्मांटमधल्या नॉर्विच गावी खासगी अकादमी काढली. 1834 मध्ये तिचं नॉर्विच विद्यापीठ झालं. गणवेश घालून कवायत करा, पण सामान्य नागरिक शिकतो ते सगळं शिका, असा त्यांचा आग्रह. 1862 च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीच्या जोरावर उभ्या राहणाऱ्या महाविद्यालयांत युद्धतंत्राचं शिक्षणही घातलं आणि 1916 मध्ये त्यातूनच आरओटीसी (राखीव अधिकारी प्रशिक्षण दल) ही योजना आकाराला आली. नागरी विद्यापीठात शिकत असतानाच कमिशनची तयारी करायची, ही सोय तेव्हापासूनची.

दारं सर्वांसाठी उघडायला मात्र फार वेळ लागला. गुलामीत जन्मलेला हेन्री फ्लिपर 1877 मध्ये वेस्ट पॉइंटमधून उत्तीर्ण झालेला पहिला कृष्णवर्णीय. चार वर्षं गोऱ्या सहाध्यायांनी त्याच्याशी बोलणं जवळपास टाळलं. तशा एकांतात रोज फळ्यासमोर उभं राहून उत्तरं देणं काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी. ब्रिटिश अमलाखालच्या भारतीयांसाठी सॅंडहर्स्ट या ब्रिटिश लष्करी अकादमीच्या जागा पहिल्या महायुद्धानंतर उघडल्या, त्याही वर्षाला दहा. 1932 मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली तेव्हा पहिली तुकडी 40 जणांची होती आणि सॅम माणेकशा त्यातले एक. स्वातंत्र्यानंतर, जानेवारी 1949 मध्ये, तिन्ही दलांचे कॅडेट एकत्र घडवण्याचा प्रयोग डेहराडूनलाच सुरू झाला आणि पुढे तो खडकवासल्याला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणून स्थिरावला. मुलींना वेस्ट पॉइंटमध्ये प्रवेश मिळाला 1976 साली. त्या पहिल्या तुकडीत 119 जणी आल्या, 1980 मध्ये 62 उत्तीर्ण झाल्या. एनडीएत हा दिवस 2022 मध्ये आला आणि मे 2025 मध्ये पहिल्या 17 जणी बाहेर पडल्या.

आज देशोदेशी रीत वेगळी आहे. ब्रिटनमध्ये बहुतेक जण आधी नागरी विद्यापीठाची पदवी घेतात, मग सॅंडहर्स्टचे 44 आठवडे. वेस्ट पॉइंटमध्ये आणि एनडीएत पदवी व प्रशिक्षण एकाच छताखाली. जर्मनीने तिसरंच केलं. 1970 च्या आसपास तिथे अधिकारी व्हायला पुरेसे तरुण पुढे येत नव्हते. बारा-पंधरा वर्षं सैन्यात घालवून बाहेर पडल्यावर पुढे काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. संरक्षणमंत्री हेल्मुट श्मिट यांनी नेमलेल्या आयोगाने उत्तर दिलं, की अधिकाऱ्याला बाहेरच्या जगात चालेल अशी पूर्ण विद्यापीठीय पदवी द्या. ऑक्टोबर 1973 मध्ये हॅम्बुर्ग आणि म्युनिक इथे सैन्याची दोन विद्यापीठं सुरू झाली. प्राध्यापक नागरी, विद्यार्थी बहुतांशी लष्करी आणि पगारी. वर्षाचे तीन हिस्से पाडून अभ्यास दामटलेला. लष्करी प्रशिक्षण वेगळ्या शाळांत होतं आणि इथे इंजिनिअरिंग, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र शिकवलं जातं. उद्या माणसांची तुकडी सांभाळायची आहे, म्हणून शिक्षणशास्त्रही.